तापमापीला न दिसलेली थंडी

इंग्रजीच्या धड्यात कधी ‘ब्लिझर्ड’ हा शब्द आला की जळगाव-धुळ्याच्या वर्गातील शिक्षक ‘हिमवादळ’ असा अर्थ फळ्यावर लिहितात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. त्यात त्यांची काही चूक नाही. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे बर्फाच्या वादळात गुरे कशी सांभाळायची हा प्रश्न कोणाला पडणार? पण याच प्रश्नात आपल्या शिवारातील एक जुने कोडे दडलेले आहे, असे आम्हाला वाटते.

कोडे असे आहे. खानदेशात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे नवे नाही. धुळ्यात ते पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते. माणसे शेकोट्या पेटवतात, रावेर-यावलचे केळीवाले चिंतेत पडतात, कारण केळीला ही थंडी सोसत नाही. गुरे आणि शेळ्या-मेंढ्या मात्र अंग आखडून उभ्या राहतात आणि बहुतेक सगळ्या सकाळी उन्हात येतात. आता दुसरी घटना पाहू. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि नाशिक या जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला. आकाश ढगांनी भरलेले होते, त्यामुळे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या बरेच वर होते. हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे ती थंडीची लाट नव्हतीच. तरीही उघड्यावर असलेल्या हजाराहून अधिक मेंढ्या गारठून मेल्या.

म्हणजे पाच अंशांत जगणारे जनावर त्याहून कितीतरी उबदार रात्री मेले. हे कसे? उत्तर शोधायला आपल्याला खानदेशातून थोडे दूर जावे लागेल, आणि मग परत यावे लागेल.

दोन वादळे, सव्वाशे वर्षांचे अंतर

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या गवताळ मैदानांत १८८० च्या सुमारास गुरांचे प्रचंड कळप मोकळे चरत असत. गोठा नाही, कुंपण नाही, चाऱ्याची साठवण नाही. हिवाळ्यातही जनावर आपले आपण बर्फ उकरून गवत शोधील, असा मालकांचा भरवसा होता. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. कुरणे आधीच अतिचराईने उघडी पडली होती. त्यानंतर आलेल्या १८८६-८७ च्या हिवाळ्यात एकामागून एक हिमवादळे झाली आणि लाखो गुरे मेली. काही कळपांतील बहुतेक सर्व जनावरे गेली. वादळात गुरे वाऱ्याकडे पाठ करून वाऱ्याबरोबर चालत राहतात. वाटेत तारेचे कुंपण किंवा घळ आली की तिथेच थांबतात आणि एकमेकांवर पडतात. वसंतात बर्फ वितळल्यावर अशा जागी मृत जनावरांचे ढीग दिसले. या हिवाळ्यानंतर तिथल्या पशुपालकांनी गवत कापून साठवणे, कळप लहान ठेवणे आणि आडोसे बांधणे मनावर घेतले.

पुढच्याच वर्षी, १२ जानेवारी १८८८ ला, त्याच मैदानात आणखी एक वादळ आले. त्या दिवशी सकाळ इतकी उबदार होती की मुले जाड कपडे न घालता शाळेत गेली होती. दुपारी काही मिनिटांत हवा बदलली. सुमारे २३५ माणसे मेली, त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले बरीच होती. मुलांना वर्गात थांबवायचे की घरी सोडायचे, हा निर्णय त्या दिवशी एकशिक्षकी शाळांतील तरुण शिक्षिकांना एकटीने घ्यावा लागला. त्याच १८८८ सालच्या ३० एप्रिलला आपल्याकडे उत्तर प्रदेशातील मुरादाबादजवळ गारपीट झाली आणि २४६ माणसे मृत्यू पावली. गारपिटीत इतकी माणसे दगावल्याची दुसरी नोंद जगात नाही.

आता थेट २०१३ सालात येऊ. ३ ते ५ ऑक्टोबर या दिवसांत साउथ डाकोटा राज्यात हिमवादळ झाले. तेथील गुरे शून्याखाली वीस-पंचवीस अंशांची थंडी दरवर्षी सोसतात. तरीही या वादळात हजारोंनी मेली, कारण वादळ नेहमीपेक्षा लवकर आले होते. गुरे अजून उन्हाळी कुरणांत होती आणि हिवाळ्याची दाट लव त्यांच्या अंगावर आली नव्हती. शिवाय आधी बराच वेळ पाऊस पडला, मग वारा सुटला आणि नंतर हिमवर्षाव झाला. जनावरे बर्फात सापडली तेव्हा ती आधीच कातडीपर्यंत भिजलेली होती.

साउथ डाकोटाची ही घटना आणि जुन्नर-संगमनेर भागातील २०२१ ची रात्र शेजारी ठेवून पाहा. तापमानात मोठा फरक आहे, पण क्रम तोच आहे: आधी पाणी, मग वारा, आणि सोबत उपाशी पोट.

थंडी मोजण्याचा इतिहास

थंडी म्हणजे तापमापीवरचा आकडा, ही समजूत मोडायला विज्ञानालाही वेळ लागला. अंटार्क्टिकावर १९४०-४१ च्या मोहिमेत पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी एक साधा प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या एका लहान नळकांड्यात पाणी भरून ते बाहेर टांगले आणि ते गोठायला किती वेळ लागतो हे वेगवेगळ्या वाऱ्यांत मोजले. तापमान तेच असले तरी वारा वाढला की पाणी लवकर गोठे. १९४५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज बातम्यांत ‘विंड चिल’ म्हणतात ते यातूनच आले.

जनावराच्या बाजूने हा प्रश्न स्कॉटलंडमधील हॅना संशोधन संस्थेत केनेथ ब्लॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात हाताळला. मेंढीला बंद खोलीत ठेवून तिने घेतलेला प्राणवायू आणि बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा, त्यावरून तिच्या शरीरात किती उष्णता तयार होते ते काढायचे, आणि मग खोलीचे तापमान हळूहळू खाली आणायचे. एका विशिष्ट तापमानापर्यंत मेंढी काही जादा करत नाही. त्याच्या खाली मात्र केवळ अंग गरम ठेवण्यासाठी तिला जादा इंधन जाळावे लागते. या मर्यादेला आपण ‘निम्न सीमा तापमान’ म्हणू.

ही मर्यादा प्रत्येक प्राण्याची एकच असेल अशी आपली कल्पना असते, पण तसे आढळले नाही. लोकर अगदी कातरलेल्या आणि पोटभर खाणाऱ्या मेंढीत ती पंचवीस अंशांच्या आसपास निघाली. तीच मेंढी अर्धपोटी ठेवली तर चाळीस अंशांच्या जवळ गेली. उलट अंगावर भरपूर कोरडी लोकर आणि पोटात चारा असेल तर मर्यादा शून्याच्याही खाली जाते. परदेशी मांसल गुरांसाठी पाठ्यपुस्तकांत असेच दोन आकडे देतात: हिवाळ्याची दाट, कोरडी लव असेल तर सुमारे उणे आठ अंश, आणि तीच लव भिजली तर अधिक पंधरा अंश. एका पावसाने जनावराची मर्यादा वीस अंशांहून अधिक वर सरकते. बाहेरची तापमापी मात्र हललेलीही नसते.

आपली देशी गुरे या बाबतीत अधिक नाजूक आहेत. त्यांची आखूड, गुळगुळीत लव, पातळ चरबी आणि लोंबती पोळी हे सारे अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी आहे. उन्हाळ्यात जे वरदान ठरते, तेच भिजलेल्या रात्री अंगावर येते.

एक लिटर पाण्याची किंमत

वरिष्ठ विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. तीस किलो वजनाची मेंढी विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला किती उष्णता निर्माण करते? क्लायबर यांच्या नियमाप्रमाणे वजनाचा पाऊण घात घेऊन त्याला ७० ने गुणायचे. तीसचा पाऊण घात सुमारे १२.८, म्हणून उत्तर सुमारे ९०० किलोकॅलरी येते. आता समजा पावसात तिच्या लोकरीत एक लिटर पाणी मुरले. ते वाफ होऊन जायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतील. म्हणजे दिवसभराच्या उष्णतेतील जवळजवळ दोन-तृतीयांश!

ही सगळी उष्णता मेंढीच्याच अंगातून जात नाही, काही हवेतून मिळते. ऊन असेल तर ते बरेचसे ओझे उचलते. पण रात्री ऊन नसते, आणि वारा असेल तर बाष्पीभवन वाढते. त्यातच लोकरीच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा, जी खरे तर मेंढीची रजई, तिची जागा पाण्याने घेतलेली असते. पाणी उष्णता हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने वाहून नेते.

कोकराचे हाल आणखी वाईट होतात. वस्तू जितकी लहान, तितका वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा. अडीच किलोच्या कोकराला दर किलोमागे आईच्या दुपटीहून अधिक कातडी असते. शिवाय ते जन्मतःच ओले असते. त्याच्या अंगात तपकिरी चरबीचा छोटासा साठा असतो. तो काही तास पुरतो. तेवढ्यात आईने चाटून कोरडे केले आणि चीक पोटात गेला, तर ते जगते.

तापीच्या खोऱ्यात

आता खानदेशात परत येऊ. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. १९०६ पर्यंत हा एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन झाले. १९६० नंतर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

या मुलखाला जनावरांची मोठी परंपरा आहे. प्रसिद्ध खिल्लार बैलांचा जो प्रकार तापीच्या खोऱ्यात वाढला, त्याला ‘तापी खिल्लार’ किंवा ‘थिल्लारी’ म्हणतात. मेंढपाळ ठेलारी समाज धुळे-नंदुरबार भागात पिढ्यान् पिढ्या कळप घेऊन फिरतो. पावसाळा सरला की हे कळप चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात. शेताला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे.

या फिरत्या व्यवस्थेचा नेमका कच्चा दुवा इथेच आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या थंड हवेच्या प्रणाली, कधी कधी बऱ्याच दक्षिणेपर्यंत पोचतात. त्याच वेळी समुद्रावरून बाष्प आले की गडगडाट, गारा आणि पाऊस होतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये अशा गारपिटीने राज्यातील बहुतांश जिल्ह्यांना झोडपले. २६ नोव्हेंबर २०२३ ला उत्तर महाराष्ट्रात पुन्हा तेच झाले. अशा वेळी मेंढपाळाचा मुक्काम उघड्या काळ्या रानात असतो. कोरडी असताना हीच जमीन मऊ अंथरूण असते. पाऊस पडला की तिचा चिखल होतो, आणि मेंढीला बसायला हातभर कोरडी जागा राहत नाही. ती रात्रभर उभी राहते किंवा चिखलात बसते. दोन्हींत तिची उष्णता जातेच.

जमिनीजवळच्या थंडीचा विषय निघाला म्हणून आपल्याच एका शास्त्रज्ञाची आठवण करून देतो. १९३२ मध्ये पुण्याच्या हवामान कार्यालयात शेतीविषयक हवामानशास्त्राचे काम एल. ए. रामदास यांच्याकडे आले. त्याच वर्षी त्यांनी आणि आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून नसते, तर तिच्यापासून काही दशांश मीटर वर असते. अनेकांना ते पटले नाही, कारण पुस्तके वेगळे सांगत होती. नंतरच्या मोजमापांनी ते खरे ठरले. त्याचे सैद्धांतिक स्पष्टीकरण बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडले. आज या थराला ‘रामदास थर’ म्हणतात. कोकराची पाठ साधारण त्याच उंचीवर असते, आणि आपली हवामान केंद्रे तापमान मोजतात ते माणसाच्या छातीच्या उंचीवर. ज्याला थंडी वाजते त्याच्या उंचीवर जाऊन मोजावे, हा धडा रामदासांनी घालून दिला.

जुने उपाय, नवी कारणे

खानदेशातील शेतकरी आणि मेंढपाळ या थंडीशी कसे झुंजतात, ते आता विज्ञानाच्या नजरेने तपासू.

गोठ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला तुऱ्हाट्यांचा किंवा पळाट्यांचा कूड करतात. हे योग्यच आहे. असा कूड वारा पूर्ण अडवत नाही, पण त्याचा जोर मोडतो, आणि श्वासातील दमट हवेला बाहेर जायला फटी राहतात. हौसेने गोठा चारी बाजूंनी प्लॅस्टिकने बंद केला तर आत ओल आणि अमोनिया साठून जनावराला न्युमोनिया होण्याचा धोका वाढतो. छत पक्के, वाऱ्याची बाजू आडोशाची, वरून हवा मोकळी, असा नियम ठेवावा.

संध्याकाळी गव्हाणीत दादरच्या कडब्याची एक जादा पेंढी टाकतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात चारा आंबतो तेव्हा उष्णता निर्माण होते. चोथट चारा सावकाश आंबतो, म्हणून ही शेगडी पहाटेपर्यंत धुमसत राहते. नुसती सरकी किंवा पेंड दिल्याने हे काम तितके साधत नाही, आणि एकदम जास्त दिली तर अपचन होते. कोणता चारा केव्हा टाकायचा, हे कळायला आजीला प्रयोगशाळा लागली नव्हती.

बैलाच्या पाठीवर गोणपाट टाकतात. कोरडे असेपर्यंत ते उत्तम. भिजले की तेच गोणपाट ओल्या लोकरीसारखे वागते, म्हणून ते लगेच काढून टाकावे. मेंढपाळाची घोंगडी मात्र बरेच पाणी निथळू देते, आणि लोकर थोडी ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते. पण मुरून भिजल्यावर तिचीही मर्यादा संपते. शेकोटीचा उपयोग ऊब देण्यापेक्षा अंग वाळवण्यासाठी अधिक आहे. बंदिस्त गोठ्यात ती पेटवणे जनावराला आणि माणसालाही घातक, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही.

कातरणीची वेळ हा सर्वांत नाजूक भाग. दख्खनी मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. नुकत्या कातरलेल्या कळपावर अवकाळी पाऊस आला तर काय होईल, हे ब्लॅक्स्टर यांच्या आकड्यांवरून आपल्याला कळतेच. पुण्याहून शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वृत्त देणे १९४५ मध्ये सुरू झाले. पावसाचा इशारा असेल तर कातरणी चार दिवस पुढे ढकलावी, कोकरे आणि गाभण मेंढ्या आधी आडोशाला न्याव्यात, कळप काळ्या रानातून मुरमाड चढावर हलवावा. एवढ्यानेही पुष्कळ जीव वाचतील.

नोंदवहीतला रकाना

शेवटी इतिहासाचा मुद्दा. १८८० साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशचा आहे. त्यात पिके, पाऊस, दुष्काळ यांची तपशीलवार माहिती सापडते. पीक बुडाले की आणेवारी निघते. पण भिजून मेलेल्या मेंढीची आणेवारी निघत नाही. नैसर्गिक आपत्तींच्या मदतीसाठी केंद्राने ठरवलेल्या यादीत गारपीट आहे, आणि २०१२ पासून थंडीची लाटही आहे. अवकाळी पाऊस तिच्यात नव्हता. महाराष्ट्राने तो आपल्या राज्याच्या यादीत घेतला. मग ज्या रात्री गार पडली नाही आणि पारा दहाच्या खाली गेला नाही, त्या रात्री मेलेले जनावर कोणत्या रकान्यात लिहायचे? त्यातून मेंढपाळ आपल्या गावापासून शंभर कोस दूर, परक्या तालुक्यात. पंचनामा होईपर्यंत कळपाला तिथे थांबवता येत नाही. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. २०१३ च्या वादळात मेलेल्या गुरांची भरपाई देणारी योजना त्या वेळी मुदत संपून बंद पडली होती. २०१४ च्या नव्या कायद्याने ती मागील तारखेपासून लागू केली, तोवर पशुपालक वाट पाहत राहिले.

थंडीची व्याख्या हा म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांचा प्रश्न नाही. आजच्या व्याख्येत मैदानी भागासाठी किमान तापमान आणि त्याची सरासरीपासूनची घट एवढेच पाहतात. पाऊस आणि वारा त्यात नाही. माणसासाठी ती कदाचित पुरेशी असेल, पण उघड्यावर भिजणाऱ्या मेंढीसाठी ती पुरत नाही.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवून थांबतो. चार सारखे डबे घ्या. प्रत्येकात सारखेच, साठ अंशांचे गरम पाणी भरा. पहिला उघडा ठेवा, दुसऱ्याला कोरडे लोकरी कापड गुंडाळा, तिसऱ्याला तेच कापड भिजवून, आणि चौथ्याला भिजवलेल्या कापडावरून प्लॅस्टिकची पिशवी. चारही पंख्यासमोर ठेवून दर पाच मिनिटांनी अर्धा तास तापमान लिहा आणि आलेख काढा. ओल्या कापडाचा डबा बहुधा उघड्या डब्याच्याही आधी थंड झालेला दिसेल. मग मुलांना विचारा, यातली मेंढी कोणती आणि गोठा कोणता?

त्याबरोबर घरी विचारण्यासाठी एक प्रश्न द्या: ‘आपल्या गावात एका रात्रीत जास्तीत जास्त ढोरे किंवा शेळ्या-मेंढ्या केव्हा मेल्या, आणि त्या रात्री पाऊस होता का?’ आलेली उत्तरे सालासह शाळेच्या वहीत उतरवून ठेवा. गॅझेटियरने न लिहिलेला खानदेशचा तेवढा इतिहास तरी लिहिला जाईल.